निम्म्याहून जास्त दिवस

सिव्हिलमध्ये हत्तुरे मॅडम टेबलावरून कागद सरकवतात.
"नऊ प्रश्न आहेत. घाई नाही."
त्यांचा पंखा मान अर्धीच फिरवतो,
माझ्यापर्यंत येऊन परत जातो.

रिपोर्ट चांगला आहे. तीन वर्षं चांगलाच येतोय.
विषाणू मोजायला गेलं तर सापडत नाही,
इतका कमी.
विचारावंसं वाटलं,
मीही सापडत नाहीये, ते कुठल्या खोलीत तपासतात?
मागे रांग होती. विचारलं नाही.

गेल्या दोन आठवड्यांत
कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस?
कधीच नाही. काही दिवस.
निम्म्याहून जास्त दिवस. जवळजवळ रोज.
मी 'कधीच नाही'वर खूण केली
आणि तशीच खाली करत गेलो, सरळ,
टॉवेलात उभी रेघ पडते तशी,
ताण्यातला धागा तुटलेला कुणी पाहिला नाही की.

"काम काय करता?"
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत. चार माग बघतो.
"धागा तुटला तर कळतं कसं?"
नव्या मागाला कळतं मॅडम. पत्ती पडते, माग थांबतो.
आमचे जुने. चालतच राहतात.
"मग?"
मग माणसाला बघावं लागतं.

एवढं बोललो आणि पुढचं काही येईना.
त्यांनी तो कागद फाडला नाही, पालथा ठेवला.
दुसरा दिला.

"घरी कोण असतं? आई? जोडीदार?"

बायको नाही म्हणाल्या.
घरी आम्ही तेलुगू, मराठी मी शाळेत शिकलो,
व्याकरणासकट:
तो जोडीदार. पुल्लिंगी.
बेचाळीस उन्हाळे या गावात काढले,
हा शब्द असा माझ्यापुढे कुणी ठेवला नव्हता.

होता, म्हणालो.
मल्लिनाथ. चष्मा. कंबर तलावाच्या कट्ट्यावर
शेंगा सोलून टरफलं स्वतःच्या खिशात भरणारा.
माझा आजार त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होता,
तो त्याला घाबरला नाही.
घाबरला तो काकाला.
मार्गशीर्षात त्याचं लग्न झालं, कलबुर्गीला.
आहेरात चादर दिली. माझ्याच मागावरची.

नवव्या प्रश्नाशी पेन थांबलं.
मॅडमनी पंख्याची खुंटी ओढली.
त्याची मान थांबली, वारा माझ्याकडे.
मी 'काही दिवस'वर खूण केली.
त्या म्हणाल्या, "आता याबद्दल बोलू,"
आणि बाहेरची रांग, खरंच, थांबली.

मग दुसरा मजला. तरुण डॉक्टर, रात्रीची अर्धी गोळी.
तीन आठवडे काहीच नाही, नुसता घसा कोरडा.
दर मंगळवारी मॅडमकडे. त्यांनी वही दिली:
मन नसलं तरी रोज एक गोष्ट करायची, लिहायची.
सोमवार. दाढी.
मंगळवार. इथे आलो, चालेल का?
बुधवार. काही नाही.
गुरुवार. काही नाही.
शुक्रवार. सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत. अर्ध्यातून रिक्षा.
शनिवार. कडक भाकरी मोडली, आवाज ऐकला.
शनिवारचं वाचून त्या हसल्या.
मला राग आला.
पाचव्या आठवड्यात कधीतरी
राग आला ही पण एक गोष्टच, असं लिहून ठेवलं.

आई विड्या वळते. सुपात तंबाखू, कात्री, पानं.
बोटं हजार मोजतात, तोंड वेगळंच बोलत असतं.
"तो चष्मेवाला येत नाही हल्ली?"
लग्न झालं त्याचं.
तिची एक विडी सैल पडली. उलगडली, पुन्हा वळली.
पुढचं तिने विचारलं नाही.
मी वाट बघत होतो की काय, मला कळलं नाही.

रात्री माझ्या उशाशी दोन डब्या.
एक जन्माची, एक डॉक्टर म्हणतील तोवर.
आतल्या खोलीतून तिचा आवाज,
"तिन्नवा?"
जेवलास का, एवढाच अर्थ. गोळीलाही तेच क्रियापद.

हो म्हणालो.
ती म्हणाली, दिवा घालव मग.